एकट्याने हॅवलॉक: खोली मिळते, बोट मिळते, जोडीदाराचं काय?

अंदमानातलं हॅवलॉक बेट, म्हणजे डिसेंबर २०१८ पासून कागदोपत्री स्वराज द्वीप. तिथली डाईव्ह सेंटरं एकट्या आलेल्या माणसाला कशी सेवा देतात, एवढ्यापुरताच हा रिव्ह्यू आहे. प्रवाळ किती सुंदर, पाणी किती निळं याचे व्हिडिओ ढिगाने सापडतील. एकट्याने जाणाऱ्याची अडचण वेगळी असते आणि ती सहसा दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीवर कळते, तेव्हा पैसे भरून झालेले असतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. भारतात एकट्याने डायव्हिंगच्या सुट्टीला जायचं तर आजही हॅवलॉकच पहिलं. सेंटरं भरपूर, बोटी सीझनमध्ये जवळपास रोज सुटतात, आणि कोणी ना कोणी एकटं आलेलं तिथे भेटतंच. पण पाच दिवस चांगले जाणार की चिडचिडीत, हे हॉटेलवर ठरत नाही आणि सेंटरच्या नावावरही फारसं ठरत नाही. पाण्यात तुमच्या शेजारी कोणाला ठेवतात, यावर ठरतं.

एकट्याने प्रवास आणि एकट्याने डाईव्ह या दोन गोष्टी वेगळ्या. डायव्हिंगमध्ये बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, हा सुरक्षेचा भाग आहे. तुमची हवा संपली तर दुसरा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र, त्याच्याकडे असतो. एकट्याने उतरण्याचा रीतसर कोर्सही आहे, पण पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या सेल्फ-रिलायंट कोर्सला वय १८ पूर्ण, अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर (पहिल्या ओपन वॉटर कोर्सच्या पुढची पायरी) आणि नोंदलेल्या १०० डाईव्ह लागतात. बाकीच्यांना सेंटर जोडीदार देणार, आणि तुम्ही जे पैसे मोजता त्यातला मोठा वाटा खरं तर या जुळवणीचा असायला हवा.

जुळवणी बिघडली की काय होतं, ते आकड्यांत बघा. नेहमीचा अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर साधारण ११ लिटरचा. २०० बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) उतरायचं आणि ५० बार शिल्लक ठेवून वर यायचं, म्हणजे वापरायला १५० बार. ११ गुणिले १५०, झाली १६५० लिटर हवा. १८ मीटरवर दाब २.८ पट असतो. नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर ओढत असेल तर तिथे ५६ लिटर ओढतो, आणि त्याची हवा २९ मिनिटांत आटोपते. मुरलेला डायव्हर १४ लिटरवाला असेल, तर त्याला तेवढ्याच खोलीवर ४२ मिनिटं मिळतात. या दोघांची जोडी लावली की मुरलेल्याला तेरा मिनिटं आधी वर यावं लागतं. नवखा बिचारा अपराधी वाटून पुढच्या डाईव्हला उरलेली हवा दाखवणारं गेज उशिरा दाखवतो, आणि ती तर जास्त वाईट गोष्ट. पैसे दोघांनी सारखेच भरलेले असतात.

म्हणून बुकिंगच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर चार गोष्टी लेखी विचारून घ्या. एका डाईव्ह मास्टरमागे, म्हणजे गटाला पाण्यात नेणाऱ्या वाटाड्यामागे, किती माणसं? चार ठीक, सहा झाली की शेवटच्याकडे कोणी बघत नाही. बडी लावताना तुम्ही डाईव्हची संख्या बघता की बोटीवर जो सुटा उरेल त्याला लावता? मी कोर्सच्या विद्यार्थ्यांबरोबर जाणार की वेगळ्या गटात? आणि माणसं कमी पडली तर लांबची साईट रद्द होते का, मग त्याऐवजी काय? चांगलं सेंटर उलट तुम्हालाच विचारतं: शेवटची डाईव्ह कधी, किती खोल, हवा किती उरली होती, लॉगबुकाचा फोटो पाठवा. "सर, आप आ जाइए, सब हो जाएगा" एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा.

दोन जुळवण्या खास टाळायच्या. पहिली, हनिमूनच्या जोडप्याबरोबर तिसरा म्हणून. हॅवलॉकला जोडपी अमाप, ती एकमेकांचा हात सोडत नाहीत, आणि तुम्ही नावापुरते बडी उरता. अशा वेळी "माझा बडी डाईव्ह मास्टर असेल" असं ब्रीफिंगमध्येच स्पष्ट म्हणून घ्यावं. दुसरी, मोठा कॅमेरा घेतलेला माणूस. एका गोगलगायीसमोर बारा मिनिटं थांबतो आणि मागे वळून पाहत नाही. अनोळखी जोडीदार मिळाला की बोटीवरच दोन मिनिटं काढून चार गोष्टी ठरवून घ्या: १०० बारला कोणती खूण, ७० ला कोणती, एकमेकांपासून अंतर किती (दोन-तीन मीटर, जास्त नाही), आणि चुकामूक झाली तर काय. चुकामुकीचा नियम साधा आहे. एक मिनिट आजूबाजूला शोधायचं, नाही दिसला तर सावकाश वर. दोघांना तोच नियम माहीत असेल तरच तो चालतो.

आता साईट आणि बोटी. जवळच्या साईटना डुंगी, म्हणजे छोटी लाकडी होडी, जाते आणि लांबच्यांना मोठी बोट. निमो रीफ, लाइटहाउस, जेट्टीजवळची द वॉल या जवळच्या. निमो रीफ उथळ, शिकवण्यासाठी सोयीची, आणि तितकीच गर्दीची. लाइटहाउस नवख्यापासून मुरलेल्यापर्यंत सगळ्यांना झेपते, रात्रीची डाईव्हही बहुतेकदा तिथेच करवतात. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज आणि जॅक्सन्स बार या लांबच्या, तासाभराच्या बोटप्रवासावर. ही नावं कॅरेन या मूळच्या ब्रह्मदेशातल्या समाजातल्या स्थानिक डायव्हरांची. डिक्सन्सचा माथाच साधारण १८ मीटरवर, म्हणजे ओपन वॉटरवाल्याची हद्द जिथे संपते तिथून ती साईट सुरू होते. जॉनीज त्याहून खोल. तेव्हा फक्त ओपन वॉटर कार्ड घेऊन पाच दिवस गेलात तर ज्यासाठी लोक हॅवलॉकला येतात ते निम्मं तुम्हाला बंद. अ‍ॅडव्हान्स्डला पाच डाईव्ह लागतात, ३० मीटरपर्यंत परवानगी मिळते, आणि एकट्याला त्या पाच डाईव्हभर बऱ्याचदा स्वतःचा इन्स्ट्रक्टर मिळतो. आमच्या मते जोडीदाराच्या प्रश्नावर हा सगळ्यात सरळ तोडगा आहे, जरी थोडा महागडा असला तरी.

लांबच्या साईटवर पाण्याला ओढ असते. इथे आपल्याकडचं पंचांग उपयोगी पडतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाण्याची हालचाल जास्त, ओढ जास्त आणि बऱ्याचदा पाणीही गढूळ. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा पाणी त्यामानाने शांत. सुट्टी मागेपुढे करता येत असेल तर भिंतीवरचं कालनिर्णय बघून नवख्याने डिक्सन्सचे दिवस अष्टमीच्या आगेमागे पाडावेत. कोकणातल्या कोळ्यांना हे सांगावं लागत नाही, ऑफिसातून रजा टाकणाऱ्यांना लागतं.

सीझन नोव्हेंबर ते मेचा पहिला पंधरवडा, त्यातही जानेवारी ते एप्रिल उत्तम. पाणी २७ ते ३० अंश, तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो. उथळ प्रवाळाबद्दल मात्र अपेक्षा माफक ठेवा. २०१० च्या उष्ण पाण्यात अंदमानचं बरंच उथळ प्रवाळ पांढरं पडून मेलं, त्याची पडझड अजून दिसते. मासे आहेत, खोलीवर तर भरपूर.

भाड्याच्या साहित्याबाबत हॅवलॉकची सरासरी चांगली, पण एकाच सेंटरात नवा सेट आणि थकलेला सेट शेजारीशेजारी टांगलेला असतो. गटाने आलेले आधी पोहोचतात आणि नवे उचलतात, एकट्याला उरलेलं मिळतं. म्हणून साहित्य आदल्या संध्याकाळी जाऊन ठरवा, क्रेटवर, म्हणजे साहित्याच्या खोक्यावर, नाव लिहून घ्या आणि तपासणी स्वतः करा. सिलिंडर लावण्याआधी रेग्युलेटर तोंडात धरून, सिलिंडरला जोडायच्या टोकावरची डस्ट कॅप बंद ठेवून, श्वास ओढा. हवा आत आली तर माउथपीस फाटलेला आहे किंवा एक्झॉस्टचा पडदा बसत नाही, पाण्यात तिथूनच खारट घोट येणार. माउथपीस ओढून बघा, दातांच्या गुठळ्या चावून झिजलेल्या असतील तर बदलून मागा, दोन मिनिटांचं काम. हवा उघडताना सिलिंडरच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली की ओ-रिंग, म्हणजे तिथली रबरी कडी, गेली. ती दहा-वीस रुपयांची वस्तू, पण बोटीवर सुटी नसेल तर डाईव्ह जाते. मग गेजवर नजर ठेवून तीन-चार श्वास घ्या. काटा थरथरत खाली झुकत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगायचं जाकीट, तोंडाने नाही, बटणाने फुगवा आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. आपोआप फुगत राहिलं तर इन्फ्लेटरमध्ये मीठ अडकलंय, तो सेट घेऊच नका, कारण १२ मीटरवर हेच घडलं की माणूस फुग्यासारखा वर जातो. स्वतःचा रेग्युलेटर नेत असाल तर तो डिन आहे की योक (सिलिंडरला जोडायच्या या दोन पद्धती) ते सेंटरला आधी कळवा, जोडणी जुळली नाही तर अ‍ॅडॉप्टर लागतो.

वजनाची चूक सगळ्यात जास्त होते. घाईत "सहा किलो घ्या" म्हणून पट्टा हातात देतात. भरलेल्या सिलिंडरमधली हवाच अडीच किलोच्या वर असते. ती संपत जाते तसा सिलिंडर हलका होतो आणि शेवटी ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं तेव्हा माणूस वर ओढला जातो. म्हणून खरी तपासणी डाईव्हच्या शेवटी करायची: ५० बार उरलेले असताना, बीसीडी रिकामं करून, साधा श्वास धरून पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे. श्वास सोडला की सावकाश बुडायचं. दगडासारखे खाली गेलात तर एक किलो काढा. पहिल्या दिवशी हे एकदा केलं की पुढचे चार दिवस हवाही वाचते, कारण जास्तीचं वजन म्हणजे बीसीडीत जास्तीची हवा आणि पाय मारत राहणं.

स्वतःचं काय न्यावं? मास्क, डाईव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र) आणि मार्कर ट्यूब (पाण्यावर उभी राहणारी फुगवायची नळी), एवढं पुरे. मास्क पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवून नाकाने हलका श्वास ओढायचा. हात सोडल्यावर तो जागेवर राहिला तर बसतो. नव्या मास्कची काच आतून साध्या पांढऱ्या टूथपेस्टने तीन-चारदा घासावी, नाहीतर काचेवर कितीही थुंकी चोळली तरी धुकं येतं. कॉम्प्युटर यासाठी की अनोळखी जोडीदाराच्या मनगटावर तुमची डाईव्ह मोजता येत नाही, तो तीन मीटर वर पोहत असेल तर त्याचा हिशेब वेगळा. आणि मार्कर ट्यूब, शिट्टीसकट, यासाठी की ओढीने लांब वाहून वर आलात तर बोटीवर तुमची वाट पाहणारं घरचं कोणी नाही. नुसतं डोकं लाटांत शंभर मीटरवरूनही दिसत नाही, केशरी नळी दिसते. बोट सुटण्यापूर्वी आणि परत निघताना नावानिशी हजेरी घेतात का, तेही बघा. नुसती डोकी मोजणारी बोट एकट्याला विसरू शकते. गटातला माणूस नसला तर त्याचे मित्र आरडाओरडा करतात.

पहिलाच कोर्स करायला जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. मालवणला किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला केलेली "स्कुबा" ही हात धरून केलेली ओळख होती, तिचं कार्ड नसतं आणि ती डाईव्हच्या संख्येत धरत नाहीत. ओपन वॉटरला थिअरी, उथळ पाण्यातले पाच धडे आणि समुद्रात चार डाईव्ह असतात. पोहण्याची अट २०० मीटर, वेळेचं बंधन नाही, आणि दहा मिनिटं तरंगणं. थिअरी घरूनच ऑनलाइन संपवून गेलात तर कोर्स तीन दिवसांत निवांत होतो, नाहीतर हॅवलॉकची एक संध्याकाळ व्हिडिओ बघण्यात जाते. नियमाप्रमाणे समुद्रातल्या सत्रात एका इन्स्ट्रक्टरमागे आठ विद्यार्थी चालतात. तुम्ही चारच्या वर मान्य करू नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी कोर्स सुरू केला तर एकट्याला इन्स्ट्रक्टर एकटाच मिळण्याची शक्यता बरीच.

मेडिकल फॉर्मवर लोक हमखास अडकतात. दमा, बीपी, कानाचं ऑपरेशन, फिट्स, चालू औषधं, असे प्रश्न त्यात असतात, आणि बऱ्याच "हो"ला डॉक्टरची सही लागते. ती सही हॅवलॉकला मिळवण्यात दिवस जातो. फॉर्म घरीच डाउनलोड करून, आपल्या डॉक्टरांकडून सही-शिक्का घेऊन न्या. "सगळ्याला नो टिक करा" असं काउंटरवर कोणी सुचवलं तर तो सल्ला घेऊ नका. विमा कंपनी पुढे हाच कागद बघते.

सर्दी झाली की डाईव्ह नाही. पहिल्या १० मीटरमध्ये दाब दुप्पट होतो, कान तिथेच अडतो. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरायचं आणि तिचा असर पाण्यातच संपायचा, मग वर येताना कान कोंडतो, तो प्रकार भयंकर दुखरा. त्यामुळे डाईव्ह रद्द केली तर पैसे परत, पुढची तारीख की काहीच नाही, हे आधी विचारा. सेंटरोसेंटरी धोरण वेगळं. बोट लागत असेल तर अ‍ॅवोमिनसारखी गोळी झोप आणते. ती डाईव्हच्या दिवशी पहिल्यांदा घेऊन बघू नये, डॉक्टरांना विचारूनच. मासिक पाळीत डायव्हिंगला मनाई नाही, पण बोटीवर टॉयलेट आहे का ते विचारून ठेवा. डुंगीवर नसतं.

पोहोचायचं कसं? मुंबई-पुण्याहून बहुतेकदा चेन्नई, कोलकाता किंवा बेंगळुरूला विमान बदलून पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासून श्री विजयपुरम. विमानतळाला नाव वीर सावरकरांचं. तिथून सरकारी बोट फिनिक्स बे जेट्टीवरून, खासगी हॅडोवरून, वेळ दीड ते अडीच तास. मूळ ओळखपत्र जवळ हवंच. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला येऊन राहावं. डायव्हिंगचा नियमही हेच सांगतो. सलग काही दिवस डाईव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यायचे. गुरुवारी दुपारी १२ ला शेवटची डाईव्ह संपली तर शुक्रवारी सकाळी ६ च्या आधी उड्डाण नाही, आणि २४ तास ठेवले तर अजून बरं. तो कोरडा दिवस सेल्युलर जेलला द्या. मराठी माणसाला ते वेगळं सांगायला नको.

राहण्याच्या बाबतीत एकट्याला भुर्दंड पडतो, कारण भाडं खोलीचं असतं, माणसाचं नाही. डाईव्ह सेंटरांच्या आवारातल्या साध्या खोल्या सगळ्यात सोयीच्या. सूर्य पाचच्या सुमारास उगवतो, बोटी साडेसहा-सातला सुटतात, सेंटर पायी दोन मिनिटांवर असण्याचं मोल तेव्हा कळतं. बीच नंबर ३ आणि ५ च्या पट्ट्यात, गोविंदनगर-विजयनगरला राहा. राधानगर सुंदर, पण बहुतेक सेंटरांपासून बेटाच्या दुसऱ्या टोकाला. वस्ती मुख्यतः बंगाली, त्यामुळे साध्या खाणावळीत माशाचा झोल आणि भात मिळतो, पोटाला तोच बरा. रस्त्यावर संध्याकाळी सहानंतर गडद अंधार, टॉर्च ठेवा. ऑगस्ट २०२० ला चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून नेट सुधारलंय, तरी रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या. आणि एकट्याने किनाऱ्यावरून स्नॉर्केलिंगला जाऊ नका. २०१० मध्ये राधानगरजवळ एका पर्यटक महिलेचा खाऱ्या पाण्यातल्या मगरीने जीव घेतला होता. पाट्या लावल्यात तिथे पाण्यात उतरायचंच नाही.

दर विचारताना आकड्याबरोबर त्यात काय काय धरलंय ते विचारा. साहित्य, डाईव्ह कॉम्प्युटर, बोटीवरचा नाश्ता, सर्टिफिकेशनची फी, फोटो, कर. यातलं दोन-तीन बाहेर ठेवून स्वस्त दिसणारा दर शेवटी महागातला ठरतो.

विमा हा शेवटचा मुद्दा, आणि एकट्यासाठी सगळ्यात गंभीर. साध्या प्रवासविम्यात डायव्हिंग बऱ्याचदा वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा घातलेली असते, पॉलिसीतली ती ओळ वाचा. डॅनसारख्या (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) संस्थेचं डायव्हिंगचं वेगळं संरक्षण मिळतं. डिकम्प्रेशनचा, म्हणजे वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होण्याचा, त्रास झाला तर हॅवलॉकवर त्याच्या उपचाराचं चेंबर (दाबाची खोली) नाही, पोर्ट ब्लेअरला नौदलाच्या रुग्णालयात न्यावं लागतं. सेंटरला विचारा: बोटीवर ऑक्सिजनची बाटली आहे का, भरलेली आहे का, आणि आणीबाणीत फोन कोणाला करता? हे विचारल्यावर काउंटरवरचा माणूस वैतागला तर तेही उत्तरच. घरच्या एका माणसाचा नंबर, रक्तगट आणि पॉलिसीचा क्रमांक एका कागदावर लिहून तो लॅमिनेट करा आणि सेंटरच्या क्रेटमध्ये ठेवा. फोन लॉक असतो, कागद नसतो.

लॉगबुक रोज संध्याकाळी भरा. खोली, वेळ, वजन किती किलो, सूट किती मिलिमीटर, सुरुवातीची आणि शेवटची हवा, जोडीदार कोण होता. पुढच्या वेळी नव्या सेंटरला याच पानांचा फोटो पाठवायचा असतो.